टॅरोचं पान कसं वाचायचं

आपल्या नेहमीच्या पत्त्यांच्या कॅटात 52 पानं असतात, टॅरोच्या कॅटात 78. ही वरची 26 पानं कुठून आली ते समजलं की टॅरोविषयीची अर्धी भीती तिथेच संपते. म्हणून लातूर-नांदेडकडच्या ज्या वाचकांनी हे पत्ते फक्त मोबाइलवरच्या व्हिडिओत पाहिले आहेत, त्यांच्यासाठी सुरुवात तिथूनच करतो.

78 पैकी 56 पानं आपल्या ओळखीचीच आहेत. चार रंग, प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं आणि त्यांच्यावर चित्रांची पानं. आपल्याकडे चित्रांची पानं तीन: गुलाम, राणी, राजा. टॅरोत ती चार असतात, कारण गुलाम आणि राणी यांच्यामध्ये एक घोडेस्वार येतो. चार रंगांचे चार घोडेस्वार वाढले की 52 ची 56 होतात. रंगांची चिन्हं वेगळी दिसतात, पण गोंधळून जायला नको. पेला, नाणं, तलवार आणि काठी ही युरोपातल्या पत्त्यांची जुनी चिन्हं आहेत. इटली-स्पेनमध्ये खेळायच्या पत्त्यांवर ती आजही छापली जातात. बदाम, चौकट, इस्पिक आणि किलवर ही छापायला सोपी चिन्हं फ्रान्समधून आली आणि पुढे जगभर तीच चालली.

उरलेल्या 22 पानांपैकी 21 हुकमाची आणि एक विदूषकाचं. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हुकूम म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आपल्याकडे चार रंगांतलाच एक रंग त्या डावापुरता हुकूम होतो. टॅरोत हुकूम म्हणजे कायमचा पाचवा रंग, त्याच्या पानांवर 1 ते 21 आकडे आणि मोठ्या आकड्याचं पान लहान आकड्याच्या पानाला मारतं. टॅरो हा मुळात असा खेळ होता. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तो सुरू झाला. मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा या सरदार घराण्यांसाठी सोन्याचा वर्ख लावून हाताने रंगवलेली त्या काळातली पानं आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. फ्रान्स-ऑस्ट्रियात लोक टॅरोचे डाव अजूनही खेळतात, हात मोजतात, हरतात, जिंकतात.

मग भविष्याचा भाग कुठून आला? अठराव्या शतकातल्या पॅरिसमधून. 1781 साली अँत्वान कूर द जेब्लँ नावाच्या विद्वानाने लिहिलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. त्या वेळी जगात कुणालाही इजिप्तची चित्रलिपी वाचता येत नव्हती. शाँपोल्यूँने ती उलगडली 1822 मध्ये, आणि तिच्यात टॅरोचा मागमूस नव्हता. तोवर गोष्ट पसरली होती. एतेया या टोपणनावाने लिहिणाऱ्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने 1789 च्या सुमारास केवळ भविष्य सांगण्यासाठी म्हणून वेगळा कॅट छापून घेतला. आज आपण ज्याला टॅरो म्हणतो तो रिवाज तेव्हाचा. "पाच हजार वर्षांचं गुप्त ज्ञान" असं कुणी सांगू लागलं तर हा सनावळीचा हिशेब लक्षात ठेवावा.

चित्रांच्या पत्त्यांचं आपल्याला नवल वाटायचं तसं कारण नाही. गंजिफा आपल्याकडे शतकानुशतकं खेळला गेला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. मुघलांचा गंजिफा 96 गोल पानांचा, आठ रंगांचा. आपल्या सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा 120 पानांचा: दहा अवतार हेच दहा रंग आणि प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पानं. मासा दिसला की मत्स्य, कासव की कूर्म, परशू की परशुराम, बाण की राम. दिवसा खेळायला बसलं तर ज्याच्या हाती रामाचा राजा त्याची उतारी, रात्री बसलं तर कृष्णाचा राजा असलेल्याची. सावंतवाडीचे चितारी ही पानं रंगवत आणि वर लाखेचा हात देत. ही कला संपत आलेली असताना राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. नांदेड जिल्ह्याला लागून असलेल्या, पूर्वी आपल्यासारख्याच निजामाच्या राज्यात असलेल्या निर्मळच्या नकाश चित्रकारांनीही गंजिफाची पानं रंगवली आहेत.

गंजिफाची आठवण उगाच काढलेली नाही. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला परशू म्हणजे कोण हे पुस्तकात पाहावं लागत नाही. पंधराव्या शतकातल्या मिलानकराचंही तसंच होतं. हातात तराजू आणि तलवार घेतलेली स्त्री म्हणजे न्याय, सिंहाजवळची स्त्री म्हणजे धैर्य, हे त्याने देवळाच्या भिंतीवर आणि मिरवणुकीतल्या रथांवर पाहिलेलं होतं. टॅरोची चिन्हं ही त्या लोकांची रोजची, उघडी भाषा होती. आपण त्या देशातले आणि त्या काळातले नसल्यामुळे ती आपल्याला गूढ वाटते. भाषा शिकता येते, तसंच हेही शिकता येतं.

आता आपल्या हाती येणारा कॅट. बाजारात टॅरोचे शेकडो प्रकार आहेत, पण शिकणाऱ्याने 1909 सालचा रायडर-वेट कॅट किंवा त्याच्यावर बेतलेला कॅट घ्यावा. रायडर हे लंडनचे प्रकाशक. वेट म्हणजे आर्थर एडवर्ड वेट, ज्यांनी योजना आखली. पण ज्या बाईने एका वर्षाच्या आत ही चित्रं काढली, त्या पामेला कोलमन स्मिथ यांचं नाव कॅटाच्या नावात नाही. 1878 मध्ये लंडनमध्ये जन्म, बालपणाचा काही काळ जमैकात, चित्रकलेचं शिक्षण न्यूयॉर्कमध्ये, मग लंडनच्या रंगभूमीवर नेपथ्य आणि वेशभूषेचं काम. टॅरोच्या कामाचे त्यांना थोडे पैसे एकरकमी मिळाले. पुढे या पत्त्यांच्या प्रती जगभर खपल्या, आणि 1951 मध्ये पामेला गरिबीत गेल्या. अलीकडे अनेक जण या कॅटाला रायडर-वेट-स्मिथ म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. पान हातात घेतलं की खालच्या कोपऱ्यात बघा, त्यांच्या आद्याक्षरांची एक छोटी वेलबुट्टीसारखी सही दिसेल.

पामेलांनी केलेलं मोठं काम असं की त्यांनी एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या साध्या पानांवरही माणसं काढली. त्याआधीच्या बहुतेक कॅटांत तलवारीची तिर्री म्हणजे नुसत्या तीन तलवारी असत. पामेलांच्या तिर्रीवर भरून आलेलं आभाळ, पाऊस आणि तीन तलवारी आरपार गेलेलं लाल काळीज आहे. हे पान जगातल्या कुठल्याही माणसासमोर ठेवा, अर्थ सांगावा लागत नाही. पेल्याच्या तिर्रीवर तीन बायका पेले उंचावून फेर धरून नाचत आहेत. नाण्यांच्या अठ्ठीवर एक कारागीर बाकावर बसून हातोडी-छिन्नीने नाणं कोरतो आहे, झालेली नाणी शेजारी खांबावर टांगली आहेत, आणि गाव मागे लांब राहिलं आहे. काठ्यांच्या दश्शीवर एक माणूस दहा काठ्यांची मोळी कवेत धरून वाकून चालला आहे. मोळीआड त्याचं तोंड गेलं आहे, त्याला पुढचं दिसत नाही आणि घरं अगदी जवळ आली आहेत. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारी कुटुंबं ज्या भागात आहेत, तिथल्या वाचकाने हे पान जरा वेळ पाहावं. पुस्तकात त्याचा अर्थ "अति भार" इतकाच दिलेला असतो.

चार रंगांना लंडनच्या गोल्डन डॉन या 1888 साली स्थापन झालेल्या गूढविद्या मंडळाने चार तत्त्वांशी जोडलं. वेट आणि पामेला दोघंही त्याचे सभासद होते. पेला म्हणजे पाणी, म्हणून मन, माया, नाती. नाणं म्हणजे पृथ्वी: पैसा, शरीर, शेत, काम. तलवार म्हणजे वारा: विचार, शब्द, भांडण, निर्णय. काठी म्हणजे अग्नी: उमेद, धडाडी. काठी नीट पाहिली तर तिला हिरवी पालवी फुटलेली दिसते, ती वाळकी नाही. आकड्यांचंही साधं तर्कशास्त्र आहे. एक्का म्हणजे सुरुवात, पंजी म्हणजे मधली अडचण, दश्शी म्हणजे टोक गाठणं. रंग आणि आकडा एकत्र वाचला की 40 पानांचे अर्थ घोकावे लागत नाहीत. पेल्याचा एक्का म्हणजे नव्या मायेची सुरुवात, नाण्यांची दश्शी म्हणजे भरलं घर. त्या दश्शीवर म्हातारा, जोडपं, पोर आणि कुत्री अशा सगळ्यांची गर्दी आहे.

हुकमाची 21 आणि विदूषकाचं एक अशा 22 पानांना आता मेजर आर्काना म्हणतात. ती एकेक करून सांगत बसलो तर जागा पुरणार नाही आणि वाचणाऱ्याच्या लक्षातही राहणार नाही. काही पानांवर नुसती नजर टाकू आणि दोन पानांजवळ बसू.

शून्य आकड्याचं पान विदूषकाचं, पानावर "द फूल" असं छापलेलं. एक तरुण डोंगराच्या कड्यावर उभा आहे, चेहरा आभाळाकडे, खांद्यावर काठीला बांधलेलं छोटं गाठोडं, हातात पांढरं फूल, पायाशी पांढरं कुत्रं उड्या मारतंय. पुढचं पाऊल दरीत पडेल की काय, हे त्याला ठाऊक नाही. कुत्रं सावध करतंय की सोबत निघालंय? दोन्ही वाचता येतं, आणि तिथेच हे पान समजायला लागतं. पहिल्या आकड्याच्या जादूगाराचा एक हात वर, एक खाली, समोर टेबलावर पेला, नाणं, तलवार, काठी चारही मांडलेली: साधनं आहेत, आता काम कर. आठव्या पानावर, "स्ट्रेंग्थ"वर, पांढऱ्या वस्त्रातली एक स्त्री सिंहाचा जबडा हातांनी हळुवार मिटते आहे. माहूर-तुळजापूरच्या वाटेवरच्या माणसाला देवी आणि सिंह नवे नाहीत, पण इथे शस्त्र नाही आणि कुणाचा वधही नाही. पंधराव्या पानावर सैतान आहे, त्याच्यापुढे एक बाई आणि एक माणूस गळ्यात साखळी अडकवून उभे आहेत. साखळी जवळून बघा. ती इतकी सैल आहे की डोक्यावरून काढता यावी. व्यसनावर इतकं नेमकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

तेराव्या पानाला लोक सर्वांत जास्त घाबरतात. पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला हाडांचा सापळा, हातात काळं निशाण आणि निशाणावर पांढरं फूल. खाली राजा मरून पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एक मुलगी तोंड फिरवून गुडघ्यावर बसली आहे आणि एक लहान मूल मात्र घोड्याकडे सरळ बघतं आहे. मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे. पानाचं नाव "डेथ" असलं तरी कुणी मरणार आहे असा त्याचा अर्थ टॅरोचा जाणता माणूस कधीच सांगत नाही. एक प्रकरण संपलं आणि दुसरं सुरू होतंय, राजालाही त्यातून सुटका नाही, एवढंच ते पान म्हणतं. या पानावरून कुणाच्या घरच्या आजारी माणसाविषयी बोलणारा माणूस टॅरो शिकलेला नाही असं खुशाल समजावं.

आता पहिलं थांबण्याचं पान, सतरावं, "द स्टार". रात्रीचं आभाळ, एक मोठा तारा आणि भोवती सात लहान, सगळे आठ टोकांचे. खाली तळ्याकाठी एक विवस्त्र स्त्री गुडघा टेकून बसली आहे. एक पाऊल पाण्यावर, एक गुडघा जमिनीवर. दोन हातांत दोन घडे. एका घड्यातलं पाणी ती तळ्यात ओतते आहे, दुसऱ्यातलं जमिनीवर, आणि जमिनीवर पडलेल्या पाण्याचे पाच ओहोळ झाले आहेत. मागे झाडावर एक पक्षी. पुस्तकं अर्थ देतात: आशा, मनाची शांती, संकटानंतरचा दिलासा.

पण लातूरच्या माणसाने हे पान कसं पाहावं? 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या पुढे हे चित्र ठेवलं तर ती "आशा" म्हणेल का? ती कदाचित विचारेल, तळ्यात पाणी असताना त्यात आणखी कशाला ओततेय? आणि लगेच म्हणेल, पण जमिनीलाही देतेय ते बरं करतेय. हा प्रश्न आणि हे उत्तर पुस्तकात नाही, तरी ते पानाचं खरं वाचन आहे. असलेल्यातलं काही साठ्यात परत टाकायचं, काही रानाला द्यायचं आणि दोन्ही एकाच वेळी करायचं: हे चित्र युरोपातल्या पावसाळी देशात काढलं गेलं, पण त्याचा हा पदर लातुरात जास्त स्पष्ट दिसतो. चिन्हाचा अर्थ पुस्तकात सुरू होतो, बघणाऱ्याच्या मातीत पुरा होतो. टॅरो शिकायचं तर हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

दुसरं पान सोळावं, "द टॉवर". खडकावर उंच बुरूज, काळं आभाळ, वीज कोसळून बुरुजाचा मुकुट उडाला आहे, तीन खिडक्यांतून ज्वाळा, दोन माणसं डोकं खाली करून पडताहेत. पुस्तकं सांगतात: खोट्या पायावर उभारलेलं अचानक ढासळतं, आणि ते एका अर्थी बरंच असतं.

किल्लारीच्या परिसरात हा अर्थ तोंडातून काढू नये. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या गावांवर दगडामातीच्या रुंद भिंती आणि वरची जड माळवदं कोसळली. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यांची घरं खोट्या पायावर नव्हती, त्यांच्या आज्या-पणज्यांनी उन्हापावसाचा विचार करून बांधलेली होती. ज्याच्या घरात त्या पहाटेची आठवण आहे, त्याला या पानाचा छापील अर्थ सांगणं क्रूरपणा आहे. त्याच्यापुढे हे पान आलं तर सांगणाऱ्याने गप्प राहून त्याला बोलू द्यावं. मग कदाचित तो पडणाऱ्या माणसांविषयी बोलेल, कदाचित नव्या गावठाणातल्या घराविषयी. आणि हेही स्पष्ट म्हटलं पाहिजे की त्या पहाटेची खबर कुठल्याही पानाने, पंचांगाने किंवा जोतिषाने दिली नव्हती. पत्ते जमिनीखालचं सांगू शकत नाहीत.

तर मग प्रत्यक्ष पानं काढतात कशी? रीत साधी आहे. मनात एक प्रश्न धरायचा, पानं नीट पिसायची, कॅट काटायचा आणि वरची पानं क्रमाने मांडायची. दहा पानांची केल्टिक क्रॉस नावाची मांडणी प्रसिद्ध आहे, पण शिकणाऱ्याने तीन पानांच्या पुढे जाऊ नये. तीन जागांना भूत, वर्तमान, भविष्य अशी नावं देण्याची पद्धत आहे. मला ती आवडत नाही, कारण तिसऱ्या जागेवर आलेलं पान माणूस निकाल म्हणून ऐकतो. त्यापेक्षा "आहे ते", "अडवतंय ते" आणि "करता येईल ते" अशी नावं द्यावीत. काही जण उलटं आलेल्या पानाचा वेगळा अर्थ लावतात. सुरुवातीला सगळी पानं सुलटीच ठेवा, तेवढंच पुष्कळ आहे.

समजा, लातुरात बारावी झालेल्या एका मुलीने विचारलं, यंदा नीटसाठी पुन्हा वर्ष द्यावं की दुसऱ्या शाखेला जावं? आणि पानं आली: नाण्यांची अठ्ठी, चंद्र, संयम.

पहिलं पान तो बाकावरचा कारागीर. तिला विचारा, या चित्रात तू कुठे आहेस? ती बहुधा म्हणेल, एकामागून एक नाणी कोरत बसलेली मीच आहे, वर्षभर सराव परीक्षाच तर दिल्या. मग पुढचा प्रश्न: गाव लांब मागे राहिलंय, ते दिसतंय का? दुसरं पान चंद्राचं. रात्र, दोन बुरूज, त्यांमधून डोंगराकडे गेलेली वाट, चंद्राकडे तोंड करून भुंकणारा एक कुत्रा आणि एक लांडगा, तळ्यातून वर येणारा खेकड्यासारखा जीव. वाट आहे, पण उजेड अपुरा आहे. "अडवतंय ते" या जागेवर हे पान आलं की विचारायचं, तुला नक्की कशाची भीती आहे? गुणांची, की लोक काय म्हणतील याची? कुत्रा कोणता आणि लांडगा कोणता? तिसऱ्या पानावर एक देवदूत एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओततो आहे, एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. करता येईल ते काय? कदाचित दोन्हीची सांगड: दुसऱ्या शाखेला प्रवेश घेऊन अभ्यास चालू ठेवणं. कदाचित आणखी काही. ते ती सांगेल, पान सांगणार नाही.

या सगळ्यात तिला किती गुण पडतील हे कुठेच आलं नाही, आणि येणारही नाही. 78 पानांतून तीन पानं निवडण्याचे 76,076 प्रकार होतात. त्यांतला कोणता आपल्या वाट्याला येतो हे पिसण्यावर ठरतं. त्याजागी दुसरी तीन पानं आली असती तरी त्याच मुलीने त्यांतून आपलीच काळजी वाचली असती. टॅरो उपयोगी पडतो तो इथे: आपल्याच मनातलं, एरवी बोलायला अवघड जाणारं, समोरच्या चित्राकडे बोट दाखवून बोलता येतं.

"पण त्यांनी सांगितलं ते तंतोतंत जुळलं!" असं पुष्कळ जण म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. 1948 मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली आणि प्रत्येकाला त्याचं म्हणून एक वर्णन दिलं. ते किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले. मग कळलं की वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली बरीच वाक्यं फोररने भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. "तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून हळवे आहात" हे कुणाला लागू पडत नाही?

आपल्याकडच्या पोपटवाल्या जोशीबुवाचंही काम असंच चाले. माळेगावच्या खंडोबासारख्या यात्रांत पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट डुलत बाहेर येई, रांगेतलं एक पाकीट चोचीने ओढी, आतून देवाचं चित्र निघे आणि जोशीबुवा त्या चित्रावरून बोलू लागे. 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवता येत नाहीत, त्यामुळे आता तो क्वचितच दिसतो. पाकिटातल्या देवापेक्षा गिऱ्हाइकाचा चेहरा वाचण्यात जोशीबुवा हुशार असे, आणि दोन रुपयांत माणसाला चार धीराचे शब्द मिळत. टॅरो सांगणाऱ्यांत काही जण हे काम प्रामाणिकपणे करतात. काही जण मात्र पान दाखवून भीती घालतात आणि मग भीती काढण्याचे पैसे मागतात. नीटचा निकाल, मुलीचं लग्न, नापिकी, कर्ज, घरातला दारूडा, अशी काळजीने पोखरलेली माणसं त्यांच्या हाती लागतात, याचा मला राग येतो. अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना फसवणं आणि त्यांच्यात दहशत बसवणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला.

शिकायचंच असेल तर असं करा. अर्थांची पुस्तिका पहिले काही दिवस बाजूला ठेवा. रोज एक पान काढा आणि त्यावर काय दिसतं तेवढंच वहीत लिहा: माणसं किती, तोंड कुणीकडे, हातात काय, पायाखाली काय, आभाळाचा रंग कोणता, पाणी वाहतंय की साचलंय. मग त्या पानाला तुमच्या गावातलं, घरातलं काय आठवतं ते लिहा. त्यानंतर पुस्तिका उघडून छापील अर्थ ताडून बघा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे आपलं लगेच खोडू नका. दुसऱ्यासाठी पान काढाल तेव्हा आजार, मृत्यू, गर्भ, कोर्टाचा निकाल आणि परीक्षेचे गुण यांवर बोलू नका. त्यांसाठी डॉक्टर, वकील आणि शिक्षक आहेत. आणि कुणी पान बघून उतारा, खडा, पूजा किंवा दोष काढण्याचा विधी सुचवला, तर एवढं लक्षात ठेवा की 78 पानांच्या या कॅटात त्यातलं काहीही नाही. त्यासाठी एक रुपयाही देऊ नका.